पडदे आणि गाद्यांमधलं चित्र

सोमवार, ४ मार्च

मेहुणेबुवा,

वर काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, म्हातारा काहीतरी खपवायला आलाय. नुसतं नाव लिहिलं असतं तर नोटीस वाटली असती. तेव्हा मेहुणेबुवा. तू बोलणं टाकल्याला सहा वर्षं झाली तरी तुझी ताई अजून माझ्याच घरात आहे, म्हणजे नातं शाबूत आहे.

कामाचं सांगतो. दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर पडदे आणि गाद्या यांच्या मध्ये दिव्यांचा विभाग होता, तो मी खाली हलवला. दिवा बघायला माणूस तीन जिने चढत नाही, हे कळायला मला अकरा वर्षं लागली. ती जागा आता रिकामी आहे. चांगली लांबलचक, मध्ये खांब एकच. तिथे मी चित्रं लावतोय. आजकालची. ज्यात घोडा आहे असं सांगितल्यावरसुद्धा घोडा शोधावा लागतो, तसली.

हसून झालं असेल तर पुढे वाच.

कलाशाळेतल्या एक बाई पडद्याचं कापड घ्यायला आल्या होत्या. शुद्ध काळं, बिनचमकीचं, चाळीस मीटर. मी विचारलं, सिनेमा काढताय का? त्या म्हणाल्या, चित्रांच्या मागे लावायचंय, पण उपयोग काय, प्रदर्शनाला चित्रकाराचे नातेवाईक सोडून कुत्रं फिरकत नाही. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी ते कलादालन बघायला गेलो. बाहेर संगमरवरी चौदा पायऱ्या. वर पहारेकरी, त्याच्यापुढे वही, वहीत नाव, पत्ता, सही. आत मी आणि पहारेकऱ्याचं स्टूल. मी मंत्र्याच्या खोलीत चपला वाजवत गेलेला माणूस, आणि तिथे पाय न वाजवता चाललो. मग चिडलो. चित्र बघायला आलोय की चोरायला?

माझ्या दुकानात माणूस का येतो? ऊन लागतं म्हणून, पाय दुखतात म्हणून, बस यायला वेळ आहे म्हणून. कुणी सही मागत नाही. मी बाईंना म्हटलं, तुमची चित्रं माझ्याकडे आणा. अट एवढीच की चित्रं कुठली हे मी सांगणार नाही आणि कुठल्या खिळ्यावर हे तुम्ही सांगायचं नाही. त्या जरा विचारात पडल्या, पण आल्या.

आता तुझ्याकडे येतो. आठ वर्षं माझ्या शोकेस तू सजवल्यास. लोक तुझ्या काचेपुढे थांबायचे आणि आत यायचंच विसरायचे, यावरून आपण किती भांडलो. आज कबूल करतो, ज्या काचेपुढे माणूस विसरतो ती काच मला पुन्हा मिळाली नाही. हल्लीचा माणूस पुतळ्यांना पोलिसासारखं उभं करतो.

त्या संध्याकाळी मी पाहुण्यांसमोर एक थट्टा केली, त्याचं तू सहा वर्षं लोणचं घातलंस. थट्टाच होती रे. तीन चित्रं पाठव. टेम्पो आणि माणूस मी पाठवतो. पंधरा तारखेला सुरुवात आहे.

ताईला या पत्राचं सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन, म्हणजे एकदम पेढा दिल्यासारखं होईल.

तुझे,
भाऊजी


बुधवार, २० मार्च

मेहुणेबुवा,

उत्तर नाही. चार दिवस मी टपालखात्याला शिव्या दिल्या. मग आठवलं, तुला लहानपणापासून रागावल्यावर दार लावून बसायची सवय आहे, तुझ्या ताईनंच सांगितलंय. बस. मी दाराखालून कागद सरकवत राहीन.

प्रदर्शन सुरू झालं. गर्दी आहे. विक्रीचा मॅनेजर रोज संध्याकाळी तोंड लांब करून येतो, म्हणतो, मालक, तिसऱ्या मजल्यावर माणसं आहेत, पण हातात पिशव्या नाहीत. मी म्हटलं, देवळातून येताना तरी असतात का? तो म्हणाला, देवळातून येताना निदान हात जोडलेले असतात, इथे सगळे हात मागे बांधून फिरतात. तेही खरं. बघ ना, पडदा बघताना माणूस हात लावतो, गादीवर बसून बघतो, चित्रापुढे आला की लगेच हात मागे. कुणी शिकवलं त्यांना हे?

मी खांबामागे उभा राहतो. माझे कान तुला माहीत आहेत. एक जोडपं त्या मोठ्या निळ्या चित्रापुढे बराच वेळ उभं होतं. ती म्हणाली, हे हॉलमध्ये लावलं तर तुझ्या आईला काय सांगायचं? तो म्हणाला, सांगू, भिंतीला ओल आलीय. दोघं हसली, पण हलली नाहीत. एका बाईंनी पर्समधून टेप काढून चित्र मोजलं आणि विचारलं, याची जोडी मिळेल का, आमच्याकडे खिडक्या दोन आहेत. आणि आपला पडद्यांचा विक्रेता, तोच तो जुना, जिभेवर तेल, धावत पुढे गेला आणि म्हणाला, यात अजून तीन रंग येतील मॅडम. मी त्याला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पडला. मालक, नाही म्हणायची सवय तुम्हीच मोडलीत, म्हणाला.

एक म्हातारे रोज चारच्या सुमारास येतात. समोरच्या गादीवर टेकतात आणि काळ्या चित्राकडे बघत बसतात. गाद्यांच्या पोऱ्यानं नव्हे, खुद्द विभागप्रमुखानं जाऊन अदबीनं विचारलं, कुठली गादी दाखवू? ते म्हणाले, हीच बरी आहे, हिचं तोंड इकडे आहे.

या सगळ्यात गोदामातल्या कारकुनाची तऱ्हा ऐक. गोदामातून वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते, हा आपला नियम. रंग, माप, धुण्याची सूचना. त्यानं इमानेइतबारे सगळ्या चित्रांना चिठ्ठ्या बांधल्या. एका चित्रावर लिहिलंय, ‘पहिल्या धुण्यात रंग जाण्याची शक्यता’. कलाशाळेच्या बाई वाचून इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. ज्या पोराचं ते चित्र आहे तो म्हणतो, चिठ्ठी काढायची नाही.

तुझंही एक चित्र लावलंय. आमच्याकडचं, लाल. ताईनंच दिलं म्हण. कारकुनानं त्याचं माप घेऊन चिठ्ठीवर ‘सिंगल, मोठा’ असं लिहिलं, त्याला सगळं जग चादरीच्या मापात दिसतं. पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त माणसं त्याच चित्रापुढे थांबतात. कुणी म्हणतं नदीचा नकाशा आहे, कुणी म्हणतं तळहात. बाहेरच्या बसथांब्यावरचे लोकसुद्धा वर येऊन बघून जातात.

तेव्हा ये एकदा. माझ्यासाठी नको, खांबामागे उभं राहून ऐकायला ये.

तुझे,
भाऊजी


मंगळवार, २६ मार्च

मागच्या पत्रात मी ‘ताईनंच दिलं म्हण’ असं लिहिलं. म्हणणारा मी एकटाच होतो. तिनं दिलं नव्हतं. ती आठवडाभर तिच्या मावसबहिणीकडे गेली होती, आणि तुझं उत्तर येत नव्हतं, आणि मी कलाशाळेच्या बाईंना छाती पुढे काढून सांगून बसलो होतो की माझ्या मेहुण्याचं चित्र असणार म्हणजे असणार. कपाटामागे दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जागा सोडून पेटीसारखं बांधलेलं होतं, ते मी काढलं आणि दुकानाच्या गाडीत घातलं. ती यायच्या आत परत ठेवू, असा हिशोब. ती शनिवारी आली. काल दुकानात आली.

मी तिसऱ्या मजल्यावरच होतो. ती जिन्यावरून वर आली, तुझं चित्र बघितलं आणि थांबली. मला वाटलं, खूश झाली. मी पुढे गेलो, हसतच गेलो.

“ह्याला इस्त्री कुणी केली?” ती म्हणाली.

आवाज चढवून नव्हे. तरी पडद्यांचा विक्रेता पडद्यामागे गेला आणि गाद्यांचा विभागप्रमुख गादी झटकायला लागला.

आता तुला सगळं लिहितो, कारण न लिहून भागणार नाही. आपला नियम तुला पाठ आहे. मागच्या दारानं आलेलं कापड, मग ते पडदा असो, शर्ट असो, पायपुसणं असो, वाफेखालून गेल्याशिवाय जिना चढत नाही. हा नियम मी केला तेव्हा दुकान नव्हतं, पाठीवर गाठोडं होतं. गाठोड्यातलं कापड चुरगळायचं. एक बाई दारात उभी राहून म्हणाली होती, चुरगळलेलं म्हणजे कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं. ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते आजतागायत. बाकीची चित्रं चौकटीत ताणून आली होती, ती सरळ वर गेली. तुझं चौकटीत नव्हतं. ते पेटीतून निघालं ते नुसतं कापड, लाल, खळीनं कडक, सगळ्या अंगावर वळ्या. गोदामानं ते इस्त्रीच्या खोलीत दिलं. तिथे मावशी आहेत, तुझ्या वेळच्याच, वाफेच्या मावशी. त्यांनी त्यांचं काम केलं. खळ वाफेनं सुटली, वळ्या सपाट झाल्या. जिथे वळीच्या पोटात रंग पोचला नव्हता तिथे फिक्या रेषा राहिल्या. लोक ज्याला नदी म्हणतात ना, त्या ह्याच रेषा.

आता त्या संध्याकाळचं. मी ‘एक थट्टा’ असं लिहून सटकलो होतो. काय म्हणालो ते मला शब्दन्‌ शब्द आठवतं. तू ते चित्र घेऊन आमच्याकडे आलास, ताईला द्यायला. तीन पुरवठादार जेवायला बसले होते. तू ते भिंतीला टेकवलंस आणि मी म्हणालो, “चित्र बरं आहे, फक्त एकदा आमच्या इस्त्रीच्या खोलीत पाठवून द्या.” तिघंही हसले. तू पायात चपला घातल्यास.

तेव्हा तुला काय वाटणार हे मला कळतंय. तुला वाटणार, म्हाताऱ्यानं सहा वर्षं दम धरला आणि बोललेलं करून दाखवलं. नाही रे. पोराबाळांची शपथ घेतली असती, पण पोरंबाळं नाहीत. तुझ्या ताईची घेतो. ती मला घेऊ देत असेल तर.

ती समोरच्या गादीवर बसली. विकायच्या गादीवर, प्लॅस्टिक न काढलेल्या. आणि मला म्हणाली, ती आईची शेवटची चादर होती.

मला हे माहीत नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा मी माल बघायला बाहेर होतो, दोन दिवसांनी पोचलो, तोवर सगळं आवरलेलं. ताईनं काल सांगितलं की आईंना उचललं तेव्हा चादर तशीच राहिली होती. कुशीवर वळायच्या त्या बाजूला वळ्या खोल, टाचा घासायच्या तिथे बारीक बारीक. ताई चादर काढायला गेली तर तू तिचा हात धरलास. तशीच पलंगावर तू चादरीला खळ दिलीस, दोन दिवस कुणाला खोलीत येऊ दिलं नाहीस. लाल रंग का, ते तिलाही तू सांगितलं नाहीस.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंत कुणी? ती म्हणाली, “सांगणार होता. जेवायला बसलेल्यांच्या आधी यायला हवा होता.”

मग उठली. जाताना एवढंच म्हणाली की तुमच्या दुकानात माणूससुद्धा घडी घालून ठेवाल. घरी ती जेवायला वाढते, ताटात सगळं असतं. बोलत नाही.

मी चित्र उतरवायला निघालो होतो. हात लावू नका, म्हणाली. तो सांगेल तेव्हा. आता मी ते उतरवू शकत नाही आणि तिथे बघूही शकत नाही, आणि लोक येऊन वाहवा करून जातात.

लिही. शिव्या लिही, पण लिही.

भाऊजी


शनिवार, ३० मार्च

तुझ्या घरमालकाला फोन लावला. तो म्हणाला, ते असतात, पत्रं घेतात, दार उघडत नाहीत. म्हणजे वाचतोयस. मग अजून वाच.

कलाशाळेच्या बाईंना मी खरं सांगितलं. त्यांनी बराच वेळ चित्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, अपघातही कलेत धरतात, ही या चित्राची पुढची अवस्था आहे असंही म्हणता येईल. मी म्हटलं, बाई, माझी बायको माझ्याशी बोलत नाही, ही माझ्या संसाराची पुढची अवस्था आहे, पण ती मी भिंतीवर लावत नाही. बिचाऱ्या सावरायला गेल्या होत्या. मला सावरून घेणाऱ्या माणसाचाच राग यायला लागलाय. त्यात एका मोठ्या कचेरीतून माणूस आला, त्यांना स्वागतकक्षात हेच चित्र हवंय. रेषा फार शांत आहेत म्हणे. मी त्याला पडदे दाखवायला पाठवून दिलं.

पण हे पत्र मावशींसाठी लिहितोय.

मी सकाळी इस्त्रीच्या खोलीत गेलो. तुला आठवते तशीच आहे, खिडकीला वाफ, मोठ्या टेबलावर जुनं ब्लँकेट, रेडिओ गुळण्या करतो. मावशींना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी दार लोटून सांगितलं, ती चादर कुणाची होती. त्यांनी इस्त्री उभी केली. चूक झाली म्हणतील, रडतील, मी समजूत घालेन, असं मी मनात बांधून गेलो होतो.

“चादर होती ते मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “कडेची शिवण बघितली ना. कुणीतरी झोपलेलं होतं तिच्यावर. इथे कोपर, इथे गुडघा. पंचवीस वर्षं कापड हाताळतेय मी, मालक.”

मी विचारलं, मग थांबला का नाहीत?

“थांबले होते. खाली फोन लावला, गोदामात. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, मालकांचं घरचं सामान आहे, नीट करा. मग मी नीट केलं. एकेक वळी हातानं सोडवली. चाळीस मिनिटं लागली. घाई केली नाही.”

त्यांनी हे अभिमानानं सांगितलं नाही, लाजूनही नाही. झालेलं सांगितलं. पण त्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे आणि तुला कळायला हवं. चित्र वर आलं तेव्हा लिफ्टपाशी मी उभा होतो. ते सपाट होऊन आलेलं मी बघितलं. मला आठवलं की याला वळ्या होत्या. आणि मला बरं वाटलं. एक क्षण, पण बरं वाटलं. आता कसं भिंतीला नीट बसेल, असं वाटलं. खाली फोन करून विचारता आलं असतं, विचारलं नाही. शपथ घेतली ती खरी आहे, मी करवून घेतलं नाही. पण झालेलं बघून मी हुश्श केलं, हेही तितकंच खरं. हे मी तुझ्या ताईला अजून सांगू शकलेलो नाही. तुला सांगितलं.

आणखी एक. मावशींनी टेबलावरच्या ब्लँकेटवर बोट फिरवून मला दाखवलं. ही मोठी वळी इथून निघून इथे मोडत होती, हिच्या पोटात ही लहान, ही वर, ही खाली, ही इतकी उंच की बोटाचं पेर उभं राहील. मी म्हटलं, रेषा तर चित्रावर आहेतच. त्या म्हणाल्या, रेषेला वर-खाली नसतं, मालक, हाताला असतं. पाऊण तास त्या न अडखळता सांगत होत्या. त्या चादरीच्या वळ्या ज्या माणसानं मोडल्या, त्याच एका माणसाच्या हातात त्या आता शिल्लक आहेत.

एप्रिलच्या पंधरा तारखेनंतर मावशी इथे नाहीत. लेकीकडे कायमच्या चालल्यात, बोटीनं दोन दिवसांचा रस्ता. आणि हात किती दिवस लक्षात ठेवतील, कुणाला ठाऊक. रोज दोनशे कापडं जातात त्याखालून.

माझ्यावरचा राग ठेव. माझ्याशी बोलू नकोस, माझं तोंड बघू नकोस. पण त्यांना भेट. मागचं दार तुला माहीत आहे.

भाऊजी


गुरुवार, ४ एप्रिल

तू काल येऊन गेलास.

मला आज कळलं. मालाच्या दारानं आलास, मालाच्या लिफ्टनं गेलास, आणि दोन तास माझ्या पायाखाली एक मजला सोडून बसलास, आणि मी वर पाणी पिण्याच्या यंत्रावरून भांडत होतो. दारावरच्या माणसानं तुला ओळखलं आणि मला सांगितलं नाही. मी त्याला फैलावर घेतलं तर म्हणतो, सांगू नका म्हणाले, मालक. पगार कोण देतं, असं विचारणार होतो, मग म्हटलं जाऊ दे. तुझ्या ताईनं तुला तिथेच चहा नेऊन दिला, हेही दुसऱ्याकडून ऐकलं. या इमारतीत मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

तू येणार असं वाटून मी तयारी केली होती, ती कुणी तुला सांगितली का? खळ नवीन आणवली. तीन जातींची. मोठं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. तसलाच जुना सुती कपडा मिळतो का ते चार ठिकाणी विचारलं. बाजूनं उजेड पडेल असे दोन दिवे दिव्यांच्या विभागातून वर मागवले होते. मावशी हातानं सांगतील, तू वळ्या घालशील, दोन दिवसांत चादर होती तशी होईल, असा माझा बेत. बेत सांगायला मी आज त्यांच्याकडे गेलो.

मावशी म्हणाल्या, तसं काही करायचं नाहीये त्यांना.

मी म्हटलं, मग कशाला आला होता?

त्या म्हणाल्या, ऐकायला. डोळे मिटून बसले होते. एक वळी सांगितली की म्हणायचे, हं, पुढे. निम्मीच झाली. मध्ये तुमच्या बाईसाहेब म्हणाल्या, ही आधी नव्हती, शेवटच्या दिवशी पडली, तर त्यावरून दोघं भावंडं जरा भांडली. मग हसली.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला?

मावशींनी शर्ट उलटा केला, कॉलर दाबली. “रविवारी दुकान बंद असतं तेव्हा उरलेलं ऐकणार आहेत. म्हणाले, भाऊजींना सांगा, त्या दिवशी घरी बसा. काही आणू नका, काही मांडू नका.”

ठीक आहे. मी खळ परत पाठवली. दिवे खाली पाठवले. पण मला एकदा सांग, सहा वर्षं मी जे काही करायला जातो ते तुला नकोच असतं, आणि काही केलं नाही की माझ्या अंगाला मुंग्या येतात, तर माझ्यासारख्या माणसानं करायचं काय? आयुष्यभर जे बिघडलं ते मी हातानं दुरुस्त केलं. गिऱ्हाईक रागावलं, बदलून दिलं. छत गळलं, वर चढलो. इथे कुणी मला शिडीलाच हात लावू देत नाही.

हे उत्तरासाठी लिहिलेलं नाही.

भाऊजी


रविवार, ७ एप्रिल, सकाळ

हे पत्र ताईच्या हाती देतोय. तिला काल रात्री जेवताना ते लिफ्टपाशी हुश्श केल्याचं सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला, म्हणाली, मला माहीत होतं. मग भात घेणार का विचारलं. बारा दिवसांत बोलली ती एवढंच.

तिसऱ्या मजल्यावरचं चित्र मावशींनी काल संध्याकाळी उतरवून खाली नेलंय, तू सांगितलंस म्हणून. जागा रिकामी आहे. कलाशाळेच्या बाई विचारत होत्या, तिथे काय लावू? मी म्हटलं, मला विचारू नका.

किल्ल्यांचा जुडगा ताईच्या पर्समध्ये आहे. लांब दांड्याची मागच्या दाराची. इस्त्रीच्या खोलीचं कुलूप हल्ली अडतं, दार जरा उचलून फिरवायचं. तेल घालून ठेवणार होतो, पण काही करू नका म्हणालास, म्हणून घातलं नाही.

दुकान उघडल्यापासून एकही रविवार मी घरी काढलेला नाही. ती आत्ता चपला शोधतेय. मावशी खाली गाडीत बसल्यात. तुम्हाला जेवढा वेळ लागेल तेवढा घ्या.

मी घरी आहे.